चिपचे गाव विचारावे का?

भातकापणी उरकली आणि शेते कोरडी पडली की नेरळ-कर्जतच्या परिसरात ठिकठिकाणी वीटभट्ट्या दिसू लागतात. शाळेत जाता-येता तुम्ही त्या पाहिल्या असतील. माती कालवायची, साच्यात घालून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या आणि मग त्यांची भट्टी रचून तूस, लाकूड किंवा कोळसा घालून ती पेटवायची, असा हा उद्योग. एका भट्टीतील सगळ्या विटा एकाच मातीच्या, एकाच साच्यातल्या आणि एकाच वेळी भाजलेल्या असतात. तरीही भट्टी उघडल्यावर काय दिसते? मधल्या विटा तांबड्याबुंद आणि पक्क्या असतात. कडेच्या फिकट आणि कच्च्या राहतात. जाळाच्या अगदी जवळच्या काही विटा तर करपून वेड्यावाकड्या झालेल्या असतात.

चांगली वीट ओळखायची कशी? जाणता गवंडी दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटतो. खणखणीत आवाज आला तर वीट पक्की, बद्द आवाज आला तर कच्ची. वीट कोणत्या गावची, हा प्रश्न तो त्यानंतर विचारतो, किंवा विचारतही नाही.

संगणकाच्या प्रोसेसरबाबत मात्र पुष्कळ लोक नेमके उलट वागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुना प्रोसेसर घ्यायला गेलेल्या मुलांना हमखास सल्ले मिळतात. ‘मलेशियाचा घे, तो जास्त वेगाने पळवता येतो’, ‘चीनचा नको, लवकर तापतो’, ‘भारतात बनलेली चिप? ती कशी टिकणार?’ अशा सल्ल्यांवर विसंबून कोणी चार पैसे जास्त मोजतो, तर कोणी चांगली वस्तू नाकारतो. यात तथ्य किती? प्रोसेसर कोणत्या कारखान्यात बनला यावर त्याचा दर्जा अवलंबून असतो का? आणि ठरवून दिलेल्या वेगापेक्षा तो अधिक वेगाने चालवता येईल की नाही, हे त्याच्या गावावरून सांगता येईल का? चला, शोध घेऊ.

चिपला दोन गावे असतात

प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर बारीक अक्षरांत देशाचे नाव कोरलेले असते. ते वाचून आपण म्हणतो, हा प्रोसेसर अमुक देशात बनला. पण पहिली गफलत येथेच होते.

प्रोसेसर घडतो तो दोन मोठ्या टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात अतिशुद्ध सिलिकॉनची पातळ, आरशासारखी चकती घेतात. आजच्या मोठ्या कारखान्यांत तिचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढा असतो. या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने सूक्ष्म आकृत्या उमटवणे, नको तो भाग कोरून काढणे, ठरावीक अशुद्धी मिसळणे, धातूचे पातळ थर चढवणे अशा शेकडो क्रिया एकामागून एक कराव्या लागतात. त्यांना काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्यातून चकतीवर ट्रान्झिस्टरांनी भरलेले शेकडो चौकोन तयार होतात.

दुसऱ्या टप्प्यात ही चकती बहुधा दुसऱ्याच देशात जाते. तेथे तिचे चौकोन कापून सुटे करतात. प्रत्येक चौकोनाला बूड बसवतात, जोडण्या करतात, वर टोपण लावतात आणि तपासणी करतात. टोपणावर नाव येते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या गावाचे!

इंटेल कंपनीने मलेशियातील पेनांग येथे १९७२ साली जुळणीचा कारखाना सुरू केला. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात तिचे जुळणी आणि तपासणीचे काम १९९७ ते २०१४ या काळात चाले. सिलिकॉनच्या चकत्या मात्र अमेरिका, आयर्लंड, इस्रायल येथील कारखान्यांतून येत. १९९८ च्या सुमारास प्रोसेसर पळवण्याची हौस असलेले लोक ‘मलय की कोस्टा रिका’ असा वाद मोठ्या हिरिरीने घालत. पण ज्या सिलिकॉनवर वेग अवलंबून होता, ते या दोन्हींपैकी कोठेच घडले नव्हते. एएमडी या कंपनीने काही प्रोसेसरांवर दोन्ही गावे छापली होती. चकती जर्मनीत घडली आणि जुळणी मलेशियात झाली, असे त्यांवर स्पष्ट लिहिलेले असे.

कापड इचलकरंजीला विणले आणि सदरा नेरळच्या शिंप्याने शिवला, तर सदऱ्यावर शिंप्याची चिठ्ठी असते. त्या चिठ्ठीवरून सुताचा कस कसा कळणार?

मात्र शिलाईचे काहीच महत्त्व नाही, असे समजू नका. प्रोसेसरची उष्णता सिलिकॉनमधून टोपणात आणि टोपणातून बाहेर जाते. सिलिकॉन आणि टोपण यांच्यामध्ये काय भरले आहे, याला म्हणूनच महत्त्व आहे. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीतील प्रोसेसरांत तेथे धातूचा डाक होता. २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीत त्याऐवजी उष्णतावाहक लेप वापरला गेला. वेग वाढवला की हे नवे प्रोसेसर अधिक तापतात, असा अनुभव हौशी लोकांना आला. पण हा फरक पडला तो जुळणीच्या पद्धतीमुळे. जुळणी कोणत्या देशात झाली, याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

हलगीचा ठोका आणि लेझीम

आता वेगाकडे वळू. शाळेच्या मैदानावर लेझीम चालली आहे, अशी कल्पना करा. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला सर्वांनी एक पाऊल पुरे करायचे आहे. ठोका जलद होऊ लागला की आधी सगळे नेटाने साथ देतात. मग एखाद्याचे पाऊल अर्धवट राहते, पुढचा ठोका पडतो आणि रांग विस्कटते. म्हणजे पथकाचा जास्तीत जास्त वेग ठरतो तो त्यातल्या सर्वांत सावकाश मुलावरून.

प्रोसेसरमध्येही असाच एक ठोका असतो. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे एका सेकंदाला ३०० कोटी ठोके. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटिमीटर अंतर कापतो! एवढ्या अवधीत विजेचा संदेश ट्रान्झिस्टरांच्या एका साखळीतून पलीकडे पोहोचला पाहिजे. प्रोसेसरमध्ये अशा असंख्य साखळ्या असतात. त्यांपैकी सर्वांत सावकाश साखळी जेवढा वेळ घेते, त्यापेक्षा ठोक्यांमधले अंतर कमी करता येत नाही. केले तर उत्तर चुकते.

कारखाना प्रत्येक प्रोसेसरला एक वेग ठरवून देतो. त्यापेक्षा जलद ठोका देऊन तो चालवणे म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. कारखान्याने सांगितलेला वेग थोडा राखून सांगितलेला असतो, म्हणूनच हे शक्य होते. उन्हाळ्यातही, जुना झाल्यावरही प्रोसेसर नीट चालावा यासाठी ही राखण असते.

विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, थोडा वाढवला की ट्रान्झिस्टर चपळ होतात आणि ठोका आणखी वाढवता येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. ट्रान्झिस्टरांच्या उघडझाकीत खर्च होणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या आणि ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग ३ वरून ३.६ गिगाहर्ट्झ केला, म्हणजे २० टक्के वाढवला. त्यासाठी दाब १.२ वरून १.३२ व्होल्ट, म्हणजे १० टक्के वाढवला. मग शक्ती किती वाढेल? १.१ × १.१ × १.२ = १.४५. वेग वाढला २० टक्के, पण उष्णता वाढली ४५ टक्के! वेगाची हौस बहुतेक वेळा या उष्णतेपाशीच अडते.

एकाच चकतीवरची भावंडे

मग काही प्रोसेसर जास्त पळतात आणि काही कमी, असे का? आता पुन्हा वीटभट्टीकडे या.

३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर असते. कडेचे अर्धवट तुकडे वगळले तरी एक चौरस सेंटिमीटरचे सहाशेहून अधिक चौकोन तिच्यावर मावतात. सगळ्यांची आकृती एकच असते आणि सगळे एकाच वेळी घडतात. पण थराची जाडी मध्यभागी आणि कडेला तंतोतंत सारखी येत नाही. उष्णता आणि वायूंचा प्रवाह सगळीकडे रेसभरही फरक न पडता पोहोचवणे कठीण असते. कोठे रेषा किंचित रुंद उमटते, कोठे किंचित अरुंद. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर असते, आणि येथे तर काही नॅनोमीटरांचा फरकही भारी पडतो. म्हणून एकाच चकतीवरचे दोन शेजारीसुद्धा वेगाने आणि तापण्याने एकसारखे नसतात.

कारखान्यात याचा उपाय भातगिरणीसारखा करतात. गिरणीत एकाच शेतातले भात जाते, पण बाहेर पडताना अख्खा तांदूळ वेगळा, तुकडा वेगळा आणि कणी वेगळी केली जाते. प्रत्येकाचा भाव निराळा. प्रोसेसरही असेच तपासून निवडतात. जो जलद ठोक्याला निर्दोष चालतो तो महाग, जो जरा सावकाश तो स्वस्त. एखाद्याचा काही भाग बिघडलेला असेल तर तेवढा भाग बंद करून बाकीचा विकता येतो. एएमडीने २००८ साली तीन गाभ्यांचे फेनॉम प्रोसेसर विकायला काढले. ते मुळात चार गाभ्यांचेच होते, त्यांतला एक गाभा बंद केलेला होता.

या निवडीतच ओव्हरक्लॉकिंगचे खरे मर्म आहे. उत्पादनाची पद्धत मुरली की बहुतेक चौकोन चांगले निघू लागतात. पण बाजाराला स्वस्त प्रोसेसर जास्त हवे असतात. मग जलद चालू शकणाऱ्या चिपवरही कमी वेगाचे लेबल लागते. इंटेलचा १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा याचा प्रसिद्ध नमुना. लेबल होते ३०० मेगाहर्ट्झचे. पण मदरबोर्डवरचा मूळ ठोका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की यातले पुष्कळ प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर सुखाने चालत. पुष्कळ, पण सगळे नव्हेत! एकाच लेबलाच्या दोन चिपांपैकी एक ४५० ला टिके आणि दुसरी कोलमडे. गावाच्या नावाने हा फरक सांगता येत नसे.

उत्पादनाचा काळही पाहावा लागतो. इंटेलचा क्यू ६६०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर २००७ साली बाजारात आला. त्याच्या आधीच्या आवृत्तीचे नाव होते बी ३, नंतरच्या सुधारित आवृत्तीचे जी ०. नाव तेच, वेग तोच, पण उष्णतेची मर्यादा १०५ वॉटवरून ९५ वॉटवर आली. ही खूण जाणणारा ग्राहक जी ० शोधत असे, आणि त्याचे शोधणे योग्य होते.

मग कारखान्याचा परिणाम होतच नाही?

होतो. पण कसा, ते नीट पाहिले पाहिजे.

२०१५ साली ॲपल कंपनीने आयफोन ६ एस बाजारात आणला. त्यातला ए ९ हा प्रोसेसर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कारखान्यांत घडवला होता. काही चिपा दक्षिण कोरियाच्या सॅमसंगने आपल्या १४ नॅनोमीटर पद्धतीने केल्या, तर काही तैवानच्या टीएसएमसीने आपल्या १६ नॅनोमीटर पद्धतीने. सॅमसंगची चिप सुमारे ९६ चौरस मिलिमीटरांची होती आणि टीएसएमसीची सुमारे १०४.५. जगभर एकच गलका उठला : कोणती चिप चांगली? काही लोकांनी प्रोसेसरला सतत राबवून चाचण्या घेतल्या, त्यांत बॅटरी टिकण्याच्या वेळेत बराच फरक दिसला. ॲपलने मात्र स्पष्ट केले, की नेहमीच्या वापरात फरक २ ते ३ टक्क्यांच्या आतच आहे. येथे फरक होता तो दोन निरनिराळ्या पद्धतींचा. कोरिया आणि तैवान ही त्या पद्धतींची ठिकाणे होती, कारणे नव्हती.

पद्धत एकच आणि गावे दोन, असे असेल तर? इंटेलने यासाठी ‘तंतोतंत नक्कल’ हे धोरणच ठरवले. एका कारखान्यात एखादी पद्धत यशस्वी झाली, की दुसऱ्या कारखान्यात तीच यंत्रे, त्याच कृती, तेच मापदंड उतरवायचे. अगदी वायू आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या मांडणीपर्यंत नक्कल करायची. कोणीही आपल्या मनाने ‘सुधारणा’ करायची नाही. हेतू असा, की अमेरिकेतली चकती आणि आयर्लंडमधली चकती शेजारी ठेवली तर चाचणीत फरक सापडू नये. गावाचा परिणाम नाहीसा करण्यासाठी कारखान्यांना एवढा आटापिटा करावा लागतो, यावरून दोन गोष्टी कळतात. परिणाम होऊ शकतो, ही एक. आणि शिस्तीने तो पुसून टाकता येतो, ही दुसरी.

मोहालीची चिप हलकी का?

आता आपल्या देशाकडे पाहू. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ नावाचा प्रोसेसर रचला. २०१९ साली तो लोकांसमोर आला. तो घडवला पंजाबमधील मोहाली येथील सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटर पद्धतीने. त्याचा वेग ७० ते १२० मेगाहर्ट्झ. ‘आमच्या फोनचा प्रोसेसर तर याच्या वीस-तीस पट पळतो!’ असे तुम्ही म्हणाल. मग मोहालीची चिप हलकी झाली का?

याचे उत्तर आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ या कुळात सापडते. २०१८ साली या कुळातील एक प्रोसेसर अमेरिकेतील ओरेगॉन येथे इंटेलच्या कारखान्यात २२ नॅनोमीटर पद्धतीने घडला. त्याच वर्षी दुसरा मोहालीत, १८० नॅनोमीटर पद्धतीने घडला. रचना करणारे डोके एकाच संस्थेचे, पण ट्रान्झिस्टरांचा आकार निराळा. ट्रान्झिस्टर मोठा असला की त्याची उघडझाक करायला अधिक विद्युतभार हलवावा लागतो, म्हणून ठोका संथ ठेवावा लागतो. मोहालीच्या जागी ओरेगॉनमध्ये १८० नॅनोमीटरचे यंत्र मांडले असते, तरी वेग असाच मर्यादित राहिला असता. हा फरक आहे पद्धतीच्या पिढीचा.

आणि दर्जा म्हणजे केवळ वेग नव्हे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने मोहालीच्या याच प्रयोगशाळेच्या साहाय्याने ‘विक्रम ३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर तयार केला. तोही १८० नॅनोमीटर पद्धतीचाच. उणे ५५ अंशांपासून १२५ अंश सेल्सियसपर्यंत तो चालावा अशी त्याची रचना आहे. डिसेंबर २०२४ मधील पीएसएलव्ही-सी ६० या उड्डाणात त्याची अवकाशात परीक्षा झाली. अग्निबाणाला मार्ग दाखवणाऱ्या चिपला चित्रपट दाखवायचा नसतो, तिला एकदाही चुकायचे नसते. तेथे तुमच्या फोनमधला वेगवान प्रोसेसर बसवला तर त्याचा दर्जा कमीच ठरेल. पक्क्या घराला पक्की वीट लागते, तर भाकरी भाजायला चुलीवर तवा लागतो. दोघांची तुलना कशी करणार?

मोहालीचा इतिहास मात्र एक धडा देतो. या कारखान्यात १९८४ साली उत्पादन सुरू झाले आणि १९८९ च्या फेब्रुवारीत तेथे मोठी आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहायला वर्षे गेली. त्या वर्षांत जग पुढच्या पिढ्यांत गेले. एखादे गाव मागे पडते ते तेथील हवापाण्यामुळे किंवा माणसांच्या हातामुळे नव्हे, तर सरावात आणि भांडवलात खंड पडल्यामुळे.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे. गुजरातेत धोलेरा येथील चिपांच्या कारखान्याला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यातील तळोजा येथे असा कारखाना उभारण्याच्या प्रस्तावाला राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली होती. पुढे २०२५ मध्ये त्याची बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या. पण आज ना उद्या भारतात घडलेल्या चिपा तुमच्या हातात येतीलच. तेव्हा त्यांना नुसत्या गावाच्या नावावरून नाकारणे जेवढे चूक, तेवढेच नुसत्या अभिमानापोटी चांगले म्हणणेही चूक. दोन्ही वेळा प्रश्न एकच विचारायचा : तपासून काय निघाले?

कुठे घडली, की कुठे चालते?

चिपच्या जन्मगावावर एवढा वाद होतो, पण ती ज्या गावी राबते त्याचा विचार कोणी करत नाही. खरे तर घरच्या घरी मोजता येणारा फरक तेथेच असतो.

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे आणि माथेरान सुमारे ८०० मीटरवर. उंचीबरोबर हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे छोट्या गाडीने डोंगर चढून गेलात, की सुमारे ५ अंशांचा फरक पडतो. प्रोसेसर आपल्या भोवतीच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक तापतो. हवा ५ अंशांनी थंड असली, की तोही जवळपास तेवढाच थंड राहतो. पण थांबा! उंचावर हवा विरळ असते. माथेरानला ती नेरळपेक्षा सुमारे ७-८ टक्क्यांनी विरळ असेल. पंख्याचा तोच वारा तेथे थोडी कमी उष्णता वाहून नेईल, त्यामुळे मिळालेल्या ५ अंशांतले एक-दोन अंश परत जातील. तरीही एकंदर फायदा माथेरानचाच.

म्हणजे मे महिन्याच्या दुपारी नेरळमध्ये पत्र्याच्या छपराखाली तापून बंद पडणारा प्रोसेसर माथेरानच्या सकाळी तोच वेग सहज पेलू शकेल. पंख्यात साठलेली धूळ तर याहून मोठा फरक घडवते. म्हणून मित्र म्हणाला, ‘माझा मलेशियाचा प्रोसेसर तुझ्यापेक्षा जास्त पळतो’, तर त्याला विचारा : खोलीचे तापमान किती? पंखा कोणता? दाब किती दिला? आणि तू असे किती प्रोसेसर पाहिलेस?

हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नेरळच्या शाळेतला एक मुलगा आणि कर्जतच्या शाळेतला एक मुलगा शेजारी उभे केले आणि कर्जतचा चार बोटे उंच निघाला, म्हणून कर्जतची मुले उंच ठरतात का? मुळीच नाही. दोन्ही वर्गांतल्या सगळ्या मुलांची उंची मोजावी लागेल. एकाच वर्गात मुलामुलांच्या उंचीत किती फरक आहे, हेही पाहावे लागेल. हा आतला फरक मोठा आणि दोन वर्गांच्या सरासरीतला फरक लहान असेल, तर गावाच्या नावावरून एका मुलाची उंची ओळखता येणार नाही. चिपांचेही असेच आहे.

करून पाहा

प्रोसेसरांचा ढीग तपासणे आपल्या हातात नाही, पण विटा तर आहेत! शिक्षकांच्या मदतीने दोन वेगवेगळ्या भट्ट्यांच्या प्रत्येकी दहा अखंड विटा मिळवा. त्या भट्टीच्या निरनिराळ्या भागांतल्या असाव्यात. प्रत्येक विटेवर क्रमांक घाला. विटा पूर्ण वाळवून वजन करा. मग २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा वजन करा. वाढलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. विटेने किती टक्के पाणी शोषले, ते मिळेल. वीट जितकी कच्ची, तितकी ती जास्त पाणी पिते. बांधकामाच्या साध्या विटेने २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते.

आता वहीत तक्ता करा. एका भट्टीच्या दहा विटांत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा किती? दोन भट्ट्यांच्या सरासरीत फरक किती? दोन फरकांपैकी मोठा कोणता? तो आकडा पाहिल्यावर, ‘कोणत्या भट्टीची वीट चांगली?’ या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कसे द्याल?

आणि एक सूचना. घरातल्या किंवा शाळेतल्या संगणकाचा वेग मनाने वाढवू नका. तापून बंद पडणारा प्रोसेसर निदान इशारा तरी देतो. पण सीमेवर चालणारा प्रोसेसर कधी कधी गुपचूप चुकीचे उत्तर देतो, आणि ते आपल्याला कळतही नाही. त्यापेक्षा पंख्यावरची धूळ जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली साफ करा. जुना प्रोसेसर घ्यायचाच असेल, तर त्याचे नेमके नाव आणि आवृत्ती वाचा, तो दुकानातच तासभर राबवून पाहा, तापमान मोजा. विटांवर विटा आपटून पाहणाऱ्या गवंड्याची हीच तर रीत आहे.